गुण्याखालचा उजेड

गिरणी संपानं माणसं घडवली, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. सत्कारांत, व्याख्यानांत हे हल्ली फार ऐकू येतं. कष्टांनी माणूस कणखर होतो, अभावातून शिस्त येते, आगीतून गेल्याशिवाय सोनं उजळत नाही. मी भांडुपच्या डोंगरउतारावर, टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला वाढलो. आमच्या ओळीत बहुतेक घरांतला कर्ता पुरुष गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या वाट्याला सारखीच आग आली. त्यातले किती उजळले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बहुतेक मोडले, आणि जे मोडले ते माझ्यापेक्षा कमी हिमतीचे नव्हते.

मी मोडलो नाही. त्याचं कौतुक लोक माझ्या तोंडावर करतात, तेव्हा दुसऱ्याची मजुरी आपल्या हातात पडल्यासारखं वाटतं. ती मजुरी ज्यांची आहे, त्यांतल्या कुणालाच आपलं नाव छापून आलेलं आवडलं नसतं. म्हणून नावं घेत नाही. त्यांचं देणं मात्र एकदा मांडून ठेवायचं आहे.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पहिल्या पाळीला असले की साडेपाचच्या आत घर सोडायचे, भांडुपहून स्लो गाडी पकडून करी रोडला उतरायचे. संप सुरू झाला तेव्हा घरात भीती नव्हती, उत्साह होता. डॉ. दत्ता सामंत हे नाव आमच्या पट्ट्याला नवं नव्हतं. घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता. दगडखाणींतल्या मजुरांवर उपचार करता करता ते त्यांचे पुढारी झाले होते, आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीच्या गोष्टी आमच्या नळावरसुद्धा चालायच्या. आता सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर बाहेर पडले. वडील म्हणायचे, "डॉक्टर दोन महिन्यांत मिटवतील." माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. तोवर पगार सुरू झालेला असेल, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

तो संप मिटला नाही. रीतसर मागेही घेतला गेला नाही. तो नुसता संपत गेला, एकेका घरातून.

पहिले काही महिने वडील रोज पाळीच्याच वेळेला उठायचे. दाढी करायचे, स्वच्छ शर्ट घालायचे आणि दारातल्या पायरीवर बसायचे. शिस्त म्हणाल तर ती त्यांच्यापाशी माझ्या दसपट होती. तापातसुद्धा पाळी न चुकवलेला माणूस होता तो. गेट मीटिंगांना जायचे, मोर्चांना जायचे, युनियननं वाटलेलं धान्य पिशवीत घालून डोंगर चढून यायचे. पण ते काहीही करोत, त्यानं काहीच हलत नव्हतं. पावसाळ्यात त्यांनी पहाटे उठणं सोडलं. मग दाढी रोजची राहिली नाही. मग बोलणं कमी झालं.

आमच्या बाजूच्या खोलीतले काका बदली कामगार होते. कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं काम मिळायचं, म्हणून रोज पाळीला गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्यांचं जगणं. बदलीवाल्यांना कायम करा, ही संपातली एक मागणी होती. त्यामुळे सगळ्या ओळीत सर्वांत जास्त आशा त्यांना होती. वय तिशीच्या आत. आमच्या पाड्याच्या कबड्डी संघात चढाईला तेच जायचे. अंगात चपळाई, बोलण्यात हजरजबाबीपणा, दुसऱ्याच्या घरी पाणी भरून देणारा हात. संप लांबला तसे ते हातभट्टीच्या गुत्त्यावर दिसू लागले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गेले. त्यांच्यात काय कमी होतं? कष्ट कमी पडले होते का? जिद्द कमी होती का? या प्रश्नानं मला कधी सोडलं नाही. मी त्यांच्याच ओळीतला, त्यांच्याच नळावरचं पाणी पिणारा. फरक एवढाच होता की मला त्या वर्षी काही माणसं भेटली आणि त्यांना भेटली नाहीत.

सगळ्यांत आधी माझी आई.

आईनं संपाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लिज्जतचे पापड लाटायला घेतले. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा उद्योग तोवर उपनगरांत सगळीकडे पसरला होता. काम मिळण्याआधी घर बघायला बायका आल्या. लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे त्या बघतात. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं. आईनं आदल्या रात्री भिंत चुन्यानं रंगवली, पेट्या एकावर एक रचल्या आणि खिडकीखालची जागा मोकळी केली. ती जागा पुढे कित्येक वर्षं दुसऱ्या कशासाठी कुणी वापरली नाही. त्यावर पाय ठेवलेलासुद्धा तिला चालायचा नाही.

सकाळी शाखेतून मळलेलं पीठ वजन करून आणायचं, दिवसभर लाटायचं, टोपलीच्या पाठीवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत वजन करून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात घ्यायची. पावसाळ्यात आमच्या डोंगरावर कपडेसुद्धा वाळत नसत, तिथे पापड वाळवायचे होते. सुरुवातीला तिचे पापड परत आले. एक जाड, एक पातळ, एकाची कड फाटलेली. आई घरी येऊन रडली नाही. ती रागावली, आणि संध्याकाळपर्यंत तो राग पोळपाटावर उतरला. पुढे तिचे पापड परत येणं थांबलं. शाखेतल्या संचालिका ताईंनी तिच्यावर दया दाखवून जाडे पापड घेतले असते तर काय झालं असतं, याचा मी नंतर विचार केला. मला वाटतं, आईचं कंबरडं तेव्हाच मोडलं असतं. त्या ताईंनी दर वेळेला खरं वजन केलं आणि खरा दोष दाखवला. आणि पैसे त्याच दिवशी दिले.

वणाईतून आईनं एक नियम घालून घेतला. खाली रस्त्याला लागून एका कच्छी शेठचं किराणा दुकान होतं. संप सुरू झाल्यापासून आमचं उधारीचं पान वाढत चाललं होतं. दर शनिवारी आई दुकानात जायची आणि काहीतरी भरायची. कधी पाच रुपये, कधी दोन. बाकी हजारात असताना दोन रुपये भरणं हास्यास्पद वाटेल म्हणून मी एकदा जायला नाही म्हणालो, तर तिनं मला हाताला धरून नेलं. शेठनं गादीवरून वही उघडली, दोन रुपये जमा लिहिले, खाली रेघ मारली आणि बाकी मोठ्यानं वाचून दाखवली. "बेन, बराबर?" आई म्हणाली, "बरोबर." त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, की जाऊ द्या म्हणून रक्कम नाकारली नाही. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही निघायची, त्यात मागची बाकी पुढे ओढली जायची. त्यावर त्यांनी व्याज लावलं नाही. ते खातं फिटायला माझी नोकरी लागून वर तीन वर्षं गेली. तोवर माझ्या आईचा एकही शनिवार चुकलेला नव्हता, आणि दुकानदार वही मिटून बसलाय असंही कधी झालं नव्हतं. दोघांपैकी एकानं जरी ढिलाई केली असती तरी तो नियम टिकला नसता.

आता आयटीआयमधल्या माझ्या सरांबद्दल. हे लांबेल, कारण माझं सगळ्यांत मोठं देणं त्यांचं आहे.

दहावीला मला बरे गुण पडले होते. कॉलेजला जायचं मनात होतं, पण पाच वर्षं कोण पोसणार? त्या ऑगस्टमध्ये मुलुंडच्या आयटीआयला फिटर ट्रेडला नाव घातलं. दोन वर्षांचा कोर्स, मग अप्रेंटिस, मग कारखाना. एल.बी.एस. मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तेव्हा कारखान्यांची रांगच होती, त्यामुळे हा मार्ग भरवशाचा वाटायचा. मी तिथे गेलो तो डोक्यात राख घालून. माझ्यावर अन्याय झालाय, मी इथला नाही, अशा तोऱ्यात.

फिटर ट्रेडच्या पहिल्या आठवड्यांत दुसरं काही नसतं. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा बांधायचा आणि फाइल चालवायची. सकाळी आठपासून दुपारपर्यंत. डावा पाय पुढे, कोपर व्हाइसच्या उंचीला. फाइल पुढे नेताना सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटाला उजव्याचा जास्त. मागे घेताना दाब अजिबात नाही, नाहीतर दात मरतात. घासलेल्या जागेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की फाइल घसरते. हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि हाताला कळायला महिने. नवखा माणूस हटकून फाइल हिंदकळवतो. मग कडा जास्त झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. डोळ्यांना सपाट दिसतं. सर तो तुकडा उचलायचे, खिडकीकडे धरायचे आणि त्यावर गुण्या टेकवायचे. गुण्याच्या पात्याखालून दोन्ही कडांना उजेडाची चीर दिसायची.

"उजेड दिसतोय का?"

"हो सर."

"परत."

बस, एवढंच. ओरडणं नाही, टोमणा नाही, शाबासकीही नाही. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. बॅचमधली काही मुलं सोडून गेली. मी सोडणार होतो, पण एका गोष्टीनं मला तिथे बांधून ठेवलं, आणि ती मला तेव्हा शब्दांत सांगता आली नसती. ती उजेडाची चीर रोज थोडी बारीक होत होती. घरी, डोंगरावर, शहरात, जिकडे बघावं तिकडे माणसं राबत होती, ओरडत होती, उपाशी राहत होती आणि काही बदलत नव्हतं. इथे मात्र मी हात जरा नीट धरला की उजेड कमी होत होता. माझ्या करण्यानं काहीतरी हलत होतं. अख्ख्या १९८२ सालात मला हा अनुभव देणारी ती एकच जागा होती.

सर आम्हांला वर्कशॉप डायरी लिहायला लावायचे. डायरी सगळीकडेच असते, पण त्यांच्या डायरीत दोन रकाने होते. मागितलेलं माप आणि आलेलं माप. तिसरा रकाना मी एकदा स्वतःहून आखला आणि वर 'कारण' असं लिहिलं. त्या दिवशी हॅकसॉचं पातं तुटलं होतं. सरांनी पट्टीनं तो रकाना खोडला. म्हणाले, "कारण खरं असेल. पण कारणानं माप बदलत नाही. ते मला तोंडी सांग." मला तेव्हा हे कठोर वाटलं. तोंडी सांग, हे शब्द मला ऐकूच आले नव्हते.

ते ऐकू आले पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या पाड्याला पाणी रात्री यायचं, दोन-अडीचच्या सुमाराला, तेही खालच्या नळावर. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक, आणि तानसाची पाइपलाइन आमच्याच भागातून शहराकडे जाते. तरी आमच्या डोंगरावर हंडे डोक्यावरून चढायचे. वडील बसून असत, आईचे हात दिवसभर लाटून भरून आलेले असत, म्हणून पाणी माझ्याकडे होतं. एका सकाळी सरांनी माझा जॉब खिडकीकडे धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितला आणि विचारलं, "रात्री झोपला नाहीस?" मी गप्प. "उजवी कड बघ. हात थकला की उजवीकडे पडतोय तुझा." मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता म्हणतील, चालेल आज एवढं. ते म्हणाले, "मग आज फिनिशिंगला हात लावू नकोस. स्मूथ फाइल ठेवून दे. हॅकसॉचं काम कर, चिपिंग कर. माप उद्या काढू." पुढे ज्या रात्री पाणी भरलेलं असे, त्या सकाळी मी नुसती मान हलवायचो आणि ते मला जाड काम द्यायचे. माप मात्र त्यांनी केसभरही सैल केलं नाही. ते दुसऱ्या दिवशी काढायचं, पण काढायचंच.

कणखरपणाच्या नावाखाली माणसं स्वतःला किंवा मुलांना नुसती पिळतात, तेव्हा मला ही सकाळ आठवते. थकल्या हातानं बारीक काम करणं हा पराक्रम नव्हे, ती सामानाची नासाडी आहे. सरांना हे ठाऊक होतं. आणि थकला आहे म्हणून माप सैल करणं हा त्या मुलाचा अपमान आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असलेली माणसं मला फार थोडी भेटली.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी जाणं सोडलं. वडिलांना काविळीनं धरलं होतं, गावाहून आलेली आजी आजारी, आई एकटी. मी मुलुंडच्या एका गाळ्यात रोजंदारीवर बर घासायला लागलो. रोजचे रोज पैसे मिळत होते. कोर्स सुटला तर सुटू दे, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. एका संध्याकाळी छत्री धरून सर आमच्या पायऱ्या चढून आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. घरात आले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. अजून जमण्यासारखं आहे. पुढच्या आठवड्यापासून जमणार नाही." एवढंच माझ्याशी बोलले.

मग ते वडिलांकडे वळले. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसांत ते पाहुण्यासमोर नजर वर करत नसत. सरांनी विचारलं, "तुम्ही साचेखात्यात ना? धोटा बिघडायला आला की आधी कानाला कळतं म्हणतात, खरं आहे का?" वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कानाला नाही, पायाला. जमिनीतून कळतं." आणि बोलत राहिले. एका वेळेला किती साचे सांभाळायचे, चालता चालता तुटलेला धागा कसा दिसतो, दमट दिवसांत सूत कसं वागतं. चहा गार झाला. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आई स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती.

निघताना सर म्हणाले, "याच्या डायरीवर उद्यापासून रोज रात्री तुमची सही लागेल. माप बघूनच सही करा. नियम आहे."

मी गाळ्यातलं काम सोडलं नाही, संध्याकाळवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी आयटीआयला गेलो. त्या रात्री वडिलांनी चष्मा शोधला. डायरी दिव्याखाली धरली, दोन्ही रकाने वाचले. "मागितलंय पन्नास. आलंय एकोणपन्नास पूर्णांक आठ. हे कमी कसं?" मी सांगितलं. त्यांनी सही केली. पुढे रोज रात्री ते वाट बघत बसायचे. मी दारात आलो की पहिला प्रश्न, "आज किती आलं?" काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा रोज दाढी करायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत त्यांनी मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. साच्यावर त्यांचा हात पुन्हा कधी पडला नाही. पण रात्रपाळीला जायच्या आधी डायरीवर सही करून जायचे.

बॅचमधल्या दुसऱ्या कुणाच्या डायरीवर वडिलांची सही नव्हती. हे मला लवकरच दिसलं, तरी विचारायचं धाडस झालं नाही. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो तेव्हा विचारलं. सर म्हणाले, "ती सही तुझ्यासाठी नव्हती रे."

माझी मुलगी मानसशास्त्र शिकत होती तेव्हा तिनं मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी तो कुत्र्यांवर केला होता. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके स्वतःच्या कशानंच थांबवता आले नाहीत, त्यांतले बरेचसे पुढे सहज उडी मारून सुटता येत असतानाही जागच्या जागी पडून राहिले. हतबलता शिकली जाते, असं तेव्हा त्यांनी म्हटलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजत होतो. लांबलेल्या, आवरता न येणाऱ्या त्रासापुढे गळून जाणं हे तर शरीराचं मूळचंच वागणं. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, आपल्या करण्यानं फरक पडतो ही. मी ते ऐकून बराच वेळ काही बोललो नाही. बाजूच्या काकांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. त्यांच्या करण्यानं काय हलत होतं? रोज दारात उभं राहणं त्यांच्या हातात होतं, काम मिळणं नव्हतं. मग संप आला आणि उभं राहायला दारसुद्धा उरलं नाही. त्या तरुण माणसाच्या हातात कुणीतरी एक छोटं, मोजता येणारं काम द्यायला हवं होतं, आणि ते रोज खरेपणानं मोजायला हवं होतं. कष्ट त्यांच्याकडे भरपूर होते.

सरांनी दिलेली ही गोष्ट माझ्या कामी खरी आली ती मोठेपणी. नव्वदच्या दशकात एल.बी.एस. मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद होत गेले. १६ जानेवारी १९९७ ला पवईजवळ डॉ. सामंतांचा खून झाला. अंत्ययात्रेच्या दिवशी वडिलांनी वॉचमनचा गणवेश घातला नाही, पांढरा शर्ट घातला आणि तिकडे गेले. संपानं त्यांचं सगळं नेलं होतं, तरी डॉक्टरांबद्दल कडू शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. त्यानंतर थोड्याच काळात मी जिथे टूलरूममध्ये होतो तो कारखानाही बंद झाला. तिशी ओलांडलेली, दोन मुलं, हातात व्हीआरएसचा चेक. आमच्यातले काही जण घरी बसले आणि त्यांचं बसणं मला ओळखीचं होतं.

मी एक साधी वही आणली आणि दोन रकाने आखले. सकाळी आठला घरातून बाहेर पडायचं, मग काम असो वा नसो. त्या दिवशी काय करायचं ते पहिल्या रकान्यात, काय झालं ते दुसऱ्यात. किती गाळ्यांत जाऊन विचारलं, किती जणांनी जॉब दाखवायला सांगितलं. कितीतरी दिवस दुसऱ्या रकान्यात शून्य होतं. शून्य लिहायला हात जड व्हायचा, पण कारणाचा रकाना आखावासा वाटला नाही. वडील तेव्हा आमच्याकडेच असायचे. एका रात्री त्यांनी ती वही ओढून घेतली, चष्मा लावला, वाचली आणि खाली सही केली. एक शब्द बोलले नाहीत. पुढे भांडुपलाच दोन जुन्या सोबत्यांबरोबर गाळा घेतला, जिग आणि फिक्स्चरची कामं सुरू केली. घरी बसलेल्यांतले आणखी दोघं आले. त्यांना पहिल्या दिवशी मी धीराचं काही बोललो नाही. मला ते येतही नाही. त्यांच्यापुढे ड्रॉइंग ठेवलं आणि संध्याकाळी मायक्रोमीटर घेऊन त्यांचा जॉब मोजला.

शेठ गेले, दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे, शनिवार विसरत नाही. सर निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले आणि काही वर्षांपूर्वी वारले. आमच्या बॅचमधले आम्ही काही जण दरवर्षी वर्गणी काढतो आणि ज्या मुलांना हत्यारं घेणं जड जातं त्यांना संच घेऊन देतो. स्टील रूल, गुण्या, व्हर्नियर, आउटसाइड कॅलिपर, सेंटर पंच. सरांचं नाव त्यावर घालावं अशी सूचना आली होती. मी विरोध केला, ते त्यांना रुचलं नसतं. त्याऐवजी प्रत्येक संचाबरोबर दोन रकाने आखलेली एक वही देतो.

गेल्या वर्षी त्या मुलांत एक मुलगी होती. वडील रिक्षा चालवतात, घर विक्रोळीच्या टेकडीवर. फिटर ट्रेडलाच आली होती. संच हातात घेतला आणि आभार मानायच्या आधीच तिनं विचारलं, "काका, व्हाइस मला उंच पडतो. खांदा धरतो. काय करू?" मी तिला भिंतीपाशी सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची टेपनं मोजली. मग व्हाइसच्या जबड्याची उंची मोजली. फरक अकरा सेंटिमीटर निघाला. गाळ्यात लाकडाच्या जाड फळ्या पडून होत्या. त्यांतल्या दोन एकमेकींवर ठोकून, वर घसरू नये म्हणून रबराचा तुकडा चिकटवून, दुसऱ्या दिवशी तिच्या रिक्षावाल्या बाबांच्या हाती दिल्या. आठवड्यानं तिचा फोन आला. खांदा दुखायचा थांबला होता. आता उजेड डाव्या कडेला दिसतोय, म्हणाली. मी विचारलं, आज मागितलेलं किती होतं आणि आलं किती?